लिव्ह-इनमध्ये राहताय? कायदा कुठपर्यंत सोबत येतो

लिव्ह-इनबद्दल दोन समजुती हमखास कानावर येतात. पहिली अशी की लग्नाशिवाय एकत्र राहणं बेकायदेशीर आहे, पोलीस केव्हाही दार वाजवू शकतात. दुसरी अगदी उलट टोकाची: काही वर्षं एका छपराखाली काढली की कायदा तुम्हाला नवरा-बायकोच मानतो. किती वर्षं, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. कुणी दोन म्हणतं, कुणी पाच, कुणी छातीठोकपणे सात सांगतं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी जास्त महागात पडते.

भारतात लिव्ह-इनसाठी स्वतंत्र असा देशव्यापी कायदा नाही. जे आहे ते विखुरलेलं आहे. थोडं कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, थोडं पोटगीच्या कलमात, बाकीचं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत. हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर दिसतं ते असं: नात्यात छळ झाला तर बाईला कायदा बऱ्यापैकी आधार देतो, मुलांना त्याहून थोडा जास्त. पण घर, पैसा, आजारपण आणि मृत्यू या बाबतीत तुम्ही दोघं कायद्याच्या लेखी एकमेकांचे कुणीच नाही.

आधी गुन्ह्याचं भूत उतरवू. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खुशबू खटल्यात स्पष्ट सांगितलं. २०१८ च्या नंदकुमार निकालाने आणखी एक गाठ सोडवली. मुलगा १८ वर्षांचा झालाय, पण लग्नाच्या २१ वर्षांच्या अटीत बसत नाही, अशा जोडप्यालाही एकत्र राहण्याचा अधिकार आहे. व्यभिचाराचं ४९७ कलम त्याच वर्षी रद्द झालं. मात्र दोघांपैकी कुणीही १८ च्या आत असेल तर विषय पूर्ण वेगळा, तिथे पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतो आणि ‘तिची संमती होती’ हा बचाव चालत नाही.

घरचे धमक्या देत असतील तर जोडपं पोलीस संरक्षणासाठी उच्च न्यायालयात जाऊ शकतं. दोघं अविवाहित असतील तर संरक्षण सहसा मिळतं. एकाचं आधीचं लग्न अजून कायम असेल तर उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, कुठे संरक्षण मिळालंय, कुठे याचिका फेटाळली गेलीय.

छळ झाला तर

लिव्ह-इनमधल्या बाईचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात लग्नाच्या नात्याबरोबरच ‘विवाहाच्या स्वरूपाचं नातं’ असा शब्दप्रयोग आहे, आणि लिव्ह-इन त्याच दारातून आत येतं. मारहाण तर आलीच, पण सतत अपमान करणं, खर्चाला पैसे न देणं, तिचा पगार काढून घेणं, घराबाहेर काढणं हेही या कायद्यात हिंसाचारच धरलं जातं.

काय काय मिळू शकतं? त्रास देऊ नये असा संरक्षण आदेश. एकत्र राहत होते त्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, मग ते घर त्याच्या नावावर असो की भाड्याचं. ते शक्य नसेल तर दुसऱ्या जागेची सोय किंवा तिचं भाडं. दरमहा खर्चासाठी रक्कम, औषधपाण्याचा खर्च, नुकसानभरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज करण्यासाठी पोलीस ठाण्यात जायलाच हवं असं नाही. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, तो घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. थेट दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज देता येतो. आणि हे अनेकींना माहीत नसतं: बाई जिथे तात्पुरती राहतेय तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. पुण्यातलं घर सोडून ती लातूरला आईकडे गेली असेल तर लातूरलाच अर्ज द्यावा, तारखांसाठी पुण्याच्या फेऱ्या नकोत. प्रसंग बिकट असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच, निव्वळ प्रतिज्ञापत्रावर अंतरिम आदेश मिळू शकतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तिचं उत्पन्न किती आहे हे पाहत नाहीत. कायद्याने पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत अपेक्षित धरलाय. प्रत्यक्षात किती लागतात ते न्यायालयाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

पण आधी एक चाळणी पार करावी लागते: हे नातं ‘विवाहाच्या स्वरूपाचं’ होतं का? वेलुसामी खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या. दोघांचं वय लग्नाचं हवं. कायद्याने एकमेकांशी लग्न करता येईल अशी स्थिती हवी, म्हणजे दोघंही अविवाहित, घटस्फोटित किंवा जोडीदार वारलेले. दोघं स्वेच्छेने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि समाजात जोडप्यासारखे वावरलेले हवेत. फक्त शनिवार-रविवार भेटणं यात बसत नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. वर्षांचा आकडा मात्र कुठेही दिलेला नाही.

२०१३ च्या इंद्रा सरमा निकालात हे निकष आणखी फोडून सांगितले: किती काळ एकत्र होते, घर कुणाचं, पैसे एकत्र खर्च व्हायचे का, मूल आहे का, चारचौघांत ओळख काय करून द्यायचे. त्या खटल्यातल्या बाईने कित्येक वर्षं त्या पुरुषाबरोबर काढली होती. पण तो आधीच विवाहित होता आणि तिला ते माहीत होतं, म्हणून तिचं नातं ही चाळणी पार करू शकलं नाही. आपल्या निकालामुळे अशा बायकांवर अन्याय होऊ शकतो याची जाण न्यायालयाला होती, म्हणून संसदेने याबाबत विचार करावा असंही त्यात म्हटलंय. स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. लग्नाच्या चौकटीत अडकायचं नाही म्हणून जे लोक लिव्ह-इन निवडतात, त्यांना संरक्षण मागताना आपण अगदी लग्न झाल्यासारखे राहत होतो हेच सिद्ध करावं लागतं. नातं जितकं मोकळं, वेगवेगळे खर्च, वेगवेगळी खाती, ओळख करून देताना ‘हा माझा मित्र’, तितकी न्यायालयातली बाजू लंगडी. त्यामुळे पुरावे म्हणून उपयोगी पडतात ते रोजच्या जगण्यातले फालतू वाटणारे कागद. दोघांची नावं असलेला भाडेकरार. एकाच पत्त्यावर आलेली बिलं. एकाने दुसऱ्याला दरमहा पाठवलेले किराण्याचे पैसे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर पतीच्या रकान्यात लिहिलेलं नाव आणि खाली त्याची सही.

पुरुषाला या कायद्यात अर्ज करता येत नाही. त्याचा छळ झाला तर फौजदारी कायद्याची नेहमीची कलमं, पैसे अडकले तर दिवाणी दावा. एवढंच.

पोटगी आणि ‘आपोआप लग्न’

नवऱ्याने सोडलेल्या बायका पोटगी मागतात ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५ कलम, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. त्यात शब्द आहे ‘पत्नी’. लिव्ह-इनमधली बाई त्यात येते का, यावर बराच खल झालाय. २००८ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ही व्याख्या रुंद करण्याचा प्रस्ताव मंजूर केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. चनमुनिया खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने उदार अर्थ लावायला हवा असं मत देऊन प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. मग २०१८ साली ललिता टोप्पो प्रकरणात न्यायालयाने व्यावहारिक वाट दाखवली: पत्नी नसलेल्या बाईनेही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मागावं, तिथे पोटगीपेक्षाही जास्त मिळू शकतं. म्हणून बहुतेक वकील आज त्याच वाटेने जातात.

पहिलं लग्न लपवून दुसरीशी लग्न लावणाऱ्याची गोष्ट निराळी. महाराष्ट्रातूनच गेलेल्या बादशहा खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फसवणूक करणाऱ्याला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही. पोटगीपुरतं त्या दुसरीला पत्नीच धरलं गेलं.

आता ती ‘इतकी वर्षं झाली की लग्न’ची दंतकथा. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. जोडपं दीर्घकाळ नवरा-बायकोसारखं राहिलं असेल तर न्यायालय त्यांचं लग्न झालं होतं असं गृहीत धरू शकतं. १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षं संसार केलेल्या जोडप्याच्या लग्नाचे पुरावे मागितले जात होते. न्यायालयाने ते उडवून लावलं. अर्ध्या शतकानंतर भटजी आणि साक्षीदार आणायचे कुठून? पण हे निव्वळ गृहीतक आहे, पुरावा देऊन ते खोडून काढता येतं. दोघांपैकी एकाचं आधीचं लग्न कायम असेल तर ते टिकत नाही. आणि तुम्ही जन्मभर ‘आम्ही लग्न केलेलं नाही’ असं अभिमानाने सांगत आला असाल, तर शेजारीपाजारी साक्षीला येऊन तेच सांगतील.

मुलांचं काय

मुलांच्या पोटगीसाठी आई-वडिलांचं लग्न झालंय की नाही हे पाहिलं जात नाही. १४४ कलमात औरस-अनौरस दोन्ही मुलांचा उल्लेख आहे. हिंदू कायद्याप्रमाणे लग्नाशिवाय झालेल्या मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईला पालकत्व मागताना वडिलांचं नाव उघड करायची किंवा त्यांना नोटीस द्यायची सक्ती नाही, आणि तिच्या एकटीच्या प्रतिज्ञापत्रावर बाळाचा जन्मदाखला मिळायला हवा.

वारशात मात्र गुंता आहे. आईकडून वारसा मिळतो, तिथे शंका नाही. वडिलांच्या बाबतीत, लग्न झालं होतं असं न्यायालयाने गृहीत धरलं किंवा लग्न लागलं होतं पण कायद्याने अवैध ठरलं, तर मूल औरस मानलं जातं. अवैध लग्नातल्या मुलांना वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत वाटा मिळतोच, शिवाय एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला वडिलांच्या वाट्याला येणारा हिस्साही त्यांच्यापर्यंत येतो, असं २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालाने ठरवलं. पण काका-आजोबांच्या हिश्शावर हक्क नाही. आणि लग्नाचा कुठलाच विधी झालेला नसेल तर मुलाला वडिलांच्या इस्टेटीसाठी आधी हे गृहीतक सिद्ध करत बसावं लागेल. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं असेल तर ही सगळी उठाठेव वाचते.

दत्तकाबाबत थोडक्यात: जोडपं म्हणून मूल दत्तक घ्यायला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, त्यामुळे लिव्ह-इन जोडप्याला एकत्र घेता येत नाही. एकल व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. सरोगसीचं दार २०२१ च्या कायद्याने बंदच केलंय.

घर: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

समजा, दोघांनी मिळून फ्लॅट घेतला. गृहकर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण त्याचा पगार जास्त. हप्ता त्याच्या खात्यातून जातो, आणि किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा हप्ता ती भरते. दोघांच्या मनात हिशोब स्पष्ट आहे: अर्धं-अर्धं. पण खरेदीखतात आणि इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) त्याचं एकट्याचं नाव आहे. सात वर्षांनी नातं तुटलं. तिच्या हातात काय? किराण्याची बिलं. हिंसाचार झाला असेल तर राहण्याचा आदेश मिळेल, पण मालकी नाही. छळ झालेलाच नसेल, नातं नुसतंच संपलं असेल, तर तेही नाही.

तिने थेट पैसे दिले आणि घर त्याच्या नावावर घेतलं, तर आणखी एक अडचण. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात नवरा, बायको आणि मुलांच्या नावे आपल्या उत्पन्नातून मालमत्ता घ्यायला सूट आहे. लिव्ह-इन पार्टनर त्या यादीत नाही. उद्या ‘पैसे माझे होते, घर माझंच’ असं म्हणायला गेलात की बेनामीचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून घर दोघांच्या नावावर घ्या, खरेदीखतात हिश्शाची टक्केवारी लिहा, आणि आपापल्या वाट्याचे पैसे आपापल्या खात्यातूनच जाऊ द्या. नंतर नाव घालू म्हणाल तर ते बक्षीसपत्राने होतं आणि खर्चिक पडतं. नवरा-बायकोला महाराष्ट्रात राहत्या घरासाठी मुद्रांक शुल्काची सवलत आहे, पार्टनरला नाही. वर आयकराचा नियम: ‘नातेवाईक’ नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाते. तुमचा पार्टनर आयकर खात्याच्या लेखी नातेवाईक नाही. तुमच्या मेव्हण्याची बायको मात्र आहे.

भाड्याचं घर असेल तर करारात दोघांची नावं घाला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारकच आहे, त्यामुळे दुसरं नाव घालायला वेगळा खटाटोप नाही.

स्टॅम्प पेपरवर केलेल्या ‘लिव्ह-इन करारा’चं काय? कुणी किती पैसे घातले, सामान कुणाचं, वेगळं होताना हिशोब कसा करायचा, एवढं लिहून ठेवणं चांगलंच, वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येतं. पण त्या करारातून वारसाहक्क तयार होत नाही. आणि ‘मी कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार करणार नाही’ असं तिच्याकडून लिहून घेतलं, तर त्या ओळीला काडीची किंमत नाही. नोटरीसमोर सह्या करून ‘लग्न’ लावून देणारेही आहेत. त्याने लग्न लागत नाही, फक्त फी जाते.

दवाखाना आणि मृत्यू

आयसीयूच्या दारात प्रश्न येतो, ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ पार्टनर या उत्तराला कायद्यात ठरलेली जागा नाही, आणि तितक्यात गावाहून आलेल्या भावाचा शब्द चालतो. यावर एक कागद उपयोगी पडतो: आपल्या पुढच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात लिहिता येतात. मात्र ते बरं होण्याची आशा संपल्यावरच्या उपचारांपुरतं आहे, साध्या ऑपरेशनच्या संमतीसाठी नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने चक्क मोकळीक दिलीय: आपला प्रतिनिधी म्हणून कुणाही सज्ञान व्यक्तीचं नाव देता येतं, नातं लागत नाही.

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर पार्टनरला शून्य मिळतं. हिंदू वारसा कायद्यात अविवाहित, निपुत्रिक पुरुषाची पहिली वारस त्याची आई. ती हयात असेल तर सगळं तिला, वडीलसुद्धा तिच्यानंतर. अविवाहित, निपुत्रिक बाईची मालमत्ता आई-वडिलांकडे जाते. (तिला माहेरकडून वारशाने आलेल्या मालमत्तेचा नियम वेगळा, पण पार्टनर तिथेही नाही.) फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी गेलेल्याचा अर्धा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. ज्या आईने तुम्हाला कधी घरात घेतलं नाही, ती आता तुमच्या घराची अर्धी मालकीण.

‘पण मी नॉमिनी आहे ना!’ हे वाक्य फार ऐकू येतं. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. सोसायटी नॉमिनीच्या नावे सभासदत्व करून देईल, पण वारस दावा लावून घर मागू शकतात. आयुर्विम्यात २०१५ पासून आई-वडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर पैसे खरोखर त्यांचेच होतात. पार्टनर या यादीतही नाही. पीएफमध्ये तर तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील असतील तर बाहेरच्या माणसाचं नामांकन मुळात चालतच नाही.

मग उपाय एकच, मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी ते वैध आहे. तरीही तुमच्या बाबतीत मी नोंदणी करा असंच म्हणेन, कारण घरचे आव्हान देणार हे जवळजवळ ठरलेलंच. ज्याला मालमत्ता द्यायची त्यालाच साक्षीदार करू नका. पार्टनरशी नातं काय आणि आई-भावंडांना का वगळलं, हे दोन ओळींत लिहा. वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त आपला हिस्सा देता येतो. मुस्लीम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशपर्यंतच मृत्युपत्राने देता येतं.

समलिंगी जोडप्यांना तर हे कागद आणखीच गरजेचे आहेत, कारण त्यांच्यापुढे लग्नाचा पर्यायच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो प्रश्न विधिमंडळांवर सोडला. इंद्रा सरमा निकालाप्रमाणे हिंसाचार कायद्यातल्या ‘विवाहाच्या स्वरूपाच्या’ नात्यातही ती बसत नाहीत. मृत्युपत्र, संयुक्त खातं, दोघांच्या नावे घर हे मात्र त्यांनाही इतर कुणाहीइतकंच खुलं आहे.

उत्तराखंडात राहत असाल तर नियम वेगळे. तिथल्या समान नागरी कायद्याने २७ जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली. जोडप्यातलं कुणी २१ च्या आतलं असेल तर आई-वडिलांना कळवलं जातं. बदल्यात मुलं औरस ठरतात आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते. हक्क हवे असतील तर नाव नोंदवा, हे एकवेळ समजू शकतं. नोंदवलं नाही तर तुरुंग, हे मला पटत नाही. महाराष्ट्रात अशी कुठलीही नोंदणी नाही.

नातं संपलं तर हे कागद आपोआप रद्द होत नाहीत. हिंदू व्यक्तीने पुढे दुसऱ्या कुणाशी लग्न केलं तरी जुनं मृत्युपत्र तसंच उभं राहतं, आणि बँकेतला नॉमिनीही तोच राहतो. त्यामुळे वेगळं होताना सामानाच्या वाटणीबरोबर ही यादीही काढा: मृत्युपत्र, बँक, विमा, डीमॅट, सोसायटी. पीएफचं नामांकन तेवढं लग्नानंतर अवैध ठरतं, म्हणजे तिथे नवीन भरावंच लागतं.